सुगंध ओळखत चालू या



बुटीबोरीहून आपण नागपूरला जातो ते कामानेच. मेडिकलमध्ये नंबर लावायचा असतो, नाहीतर बर्डीत बाजार करायचा असतो. काम आटोपल्यावर घटकाभर वेळ मिळाला, तरी महाराजबागेकडे किंवा सिव्हिल लाईन्सच्या जुन्या झाडांखालून पायी फिरायचं आपल्याला सुचत नाही. बाई नुसती फिरताना दिसली की लोक विचारतात, काय काम आहे? आज आम्ही एक काम सांगतो. झाडांचा वास ओळखायचा.

चैत्रात कडुनिंब फुलतो. पाडव्याला आपण त्याचा कडू कोवळा पाला आणि फुलं खातो, पण फुलांचा वास मात्र मधासारखा गोड असतो. संध्याकाळी झाडाखाली उभं राहून बघा. उन्हाळ्यात पांढरा चाफा आणि बकुळ. बकुळीची फुलं चांदणीसारखी, इवलीशी. ती पहाटे गळतात आणि वाळली तरी त्यांचा वास टिकतो, म्हणून जुन्या बाया ती लुगड्याच्या घडीत ठेवायच्या. पावसाळ्यात सोनचाफा, आश्विनात प्राजक्त. दिवाळीच्या सुमारास उंच बुचाचं झाड फुलतं. त्याची लांब दांड्याची पांढरी फुलं सकाळी रस्त्यावर पडलेली असतात. दोऱ्याशिवाय, दांड्याच एकमेकींत गुंफून त्यांची वेणी होते.

यातली बरीच फुलं पांढरी, आणि वास रात्री जास्त. असं का? फुलाला फळ धरायचं तर पराग एका फुलावरून दुसऱ्यावर जावे लागतात. दिवसा हे काम मधमाश्या करतात. रात्री उमलणाऱ्या फुलांचं काम पतंग करतात. अंधारात लाल-निळा रंग काय दिसणार? म्हणून पांढरा रंग आणि लांबून कळणारा वास. बुचाच्या फुलाची नळी लांब असते. लांब सोंडेच्या पतंगालाच तिच्या तळाशी असलेला मध मिळतो. म्हणून वास घ्यायचा तर दिवेलागणीला किंवा पहाटे. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या मैत्रिणींना ही वेळ आपसूकच मिळते.

एक सावधगिरी. दिवाळीच्या आगेमागे शहरात सप्तपर्णीचाही उग्र वास येतो. एका ठिकाणी साधारण ७ पानांचा झुबका आणि हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ, ही तिची खूण. काहींना तो वास आवडतो, काहींचं डोकं दुखतं. दमा असलेल्यांना त्रास होऊ शकतो. त्यांनी त्या दिवसांत दुसरा रस्ता धरावा.

आपल्या गटाला गावच्या रस्त्याला झाड लावायचं असेल तर बकुळ लावा. ती हळू वाढते, पण बारमाही हिरवी राहते आणि दाट सावली देते. विजेच्या तारांपासून दूर लावा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागेल, तेव्हा घरोघरी वार वाटून घ्या. सोनचाफा हवा असेल तर कलम आणा. बियांच्या रोपाला फुलं यायला बरीच वर्षं लागतात.

फुलं तोडू नका, पडलेली वेचा. झाडावरच्या फुलांवर रात्रीच्या पतंगाचा हक्क आहे. आणि कुणी विचारलंच, कुठे निघाल्या, तर सांगा, बकुळ फुलली का बघायला.