रॅपला आजोळी नेणारा जस्ट-आइस

रॅप म्हटलं की आपल्याला एमिनेम आठवतो, फार तर टुपाक. पण दोस्तहो, जस्ट-आइस हे नाव ऐकलंय? नसेल, तर आज इअरफोन लावाच!

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला हा धिप्पाड गडी आधी पंक क्लबच्या दारावर बाउन्सर होता. दात सोन्याचे, आवाज दमदाटीचा. १९८६ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला, ‘बॅक टू द ओल्ड स्कूल’. निर्माता कर्टिस मँट्रॉनिक. ड्रम मशीनचे दणके, तोंडाने वाजवलेला बीटबॉक्स आणि वर रस्त्यावरची रोखठोक, शिवराळ भाषा. गँगस्टा रॅप म्हणजे लॉस एंजेलिस हे समीकरण नंतर रूढ झालं. न्यूयॉर्कमध्ये हा बाबा तेव्हाच सुटला होता.

पुढच्याच वर्षी ‘कूल अँड डेडली’ आला. या वेळी निर्माता होता केआरएस-वन. जस्ट-आइसच्या रॅपमध्ये रेगेची लय आणि जमैकन बोलीची ढब होती. ही नुसती फॅशन नव्हती. ब्राँक्सच्या पार्ट्यांमधून हिपहॉप घडवणारा डीजे कूल हर्क मूळचा जमैकाचाच. तिथल्या साउंड सिस्टिमचा संस्कार तो सोबत घेऊन आला होता. म्हणजे जस्ट-आइसने रॅपला पुन्हा आजोळी नेलं, इतकंच!

तो सुपरस्टार कधीच झाला नाही. पण कॉलेज फेस्टला माइक हातात घेऊन उसना अमेरिकन ॲक्सेंट मारण्याआधी एकदा त्याला ऐका. मोहल्ल्याचा सूर लपवायचा नसतो, हे तो शिकवून जातो.