नांदूर मध्यमेश्वर : जैवविविधतेचा ऱ्हास व संवर्धन

महाराष्ट्र राज्याच्या नासिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमानजीक असलेले पाणथळ क्षेत्र. एखाद्या प्रदेशातील सजीवांच्या जाती, एकाच जातीतील आनुवंशिक भेद आणि सजीवांचे निरनिराळे अधिवास या सर्वांस मिळून जैवविविधता म्हणतात. ती कशी वाढते, कशी घटते आणि तिचे संवर्धन करू पाहणाऱ्यास कोणत्या अडचणी येतात, यांच्या अभ्यासासाठी हे क्षेत्र महाराष्ट्रात विशेष उपयुक्त आहे. याचे कारण असे की, ते नैसर्गिक सरोवर नसून पाटबंधाऱ्याच्या कामातून निर्माण झालेले आहे.

निफाड तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागास पाणी देण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी येथे गोदावरीवर दगडी बंधारा घालण्यात आला. त्याच्या दोन्ही तीरांवरून निघालेले कालवे निफाड, कोपरगाव, राहाता या भागांतील शेतीस पाणी पुरवितात. बंधाऱ्यामुळे प्रवाह मंदावला आणि पुराबरोबर येणारा गाळ मागे साचू लागला. साठवणक्षमता घटली, ही पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हानीच. परंतु त्याच गाळातून उथळ पाण्याची डबकी, दलदल, गवताळ बेटे व काठची झाडी तयार झाली.

उथळपणा हेच या क्षेत्राच्या समृद्धीचे मुख्य कारण होय. तुतारी, पाणटिवळा इ. चिखल टोचणाऱ्या पक्ष्यांना बोट-दोन बोटे पाणी पुरते. तलवार बदक, थापट्या, चक्रांग यांसारखी बदके डोके बुडवून तळाशी पोहोचतील एवढ्याच खोलीत चरतात. लालसरी मात्र बुडी मारते आणि तिला अधिक खोली लागते. चित्रबलाक, चमचा, शराटी हे पाण्यात उभे राहून भक्ष्य टिपतात, तर जांभळी पाणकोंबडी व कमळपक्षी पाणवनस्पतींवर वावरतात. पाण्याची खोली जागोजागी बदलत असल्याने एवढे निरनिराळे पक्षी एकाच ठिकाणी सामावतात. हिवाळ्यात चक्रवाक, क्रौंच तसेच हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब येथे उतरतात. दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची येथे नोंद झाली असून ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ असा या स्थळाचा उल्लेख केला जातो.

तथापि पक्ष्यांची गर्दी म्हणजे संपूर्ण जैवविविधता नव्हे. दारणा ही गोदावरीची उपनदी बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस तिला मिळते. या नदीतील देवळाली येथील एका लहान माशाचे वर्णन होरा व मिश्रा यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी हे त्याचे शास्त्रीय नाव. या प्रजातीतील मासे वाहत्या पाण्यातील खडकांना चिकटून राहण्यास अनुकूलित झालेले असतात. पाणी स्थिरावले व दगडांवर गाळ बसला की त्यांचा अधिवास उरत नाही. हा मासा आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. ज्या गाळाने बदकांना चराऊ जागा दिली, तोच गाळ अशा माशांस प्रतिकूल ठरतो. लाभ व ऱ्हास एकाच पाण्यात घडतात, ही गोष्ट पक्षीगणनेच्या आकड्यांत दिसत नाही.

गिधाडांचे उदाहरण निराळे आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातो व त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. पशुवैद्यकातील त्याच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. असे कारण कोणत्याही अभयारण्याच्या सीमेवर अडविता येत नाही.

येथील अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. घोषणेच्या वेळी त्याचे क्षेत्र सु. १०० चौ. किमी. होते. पाणथळ भूमींविषयीचा आंतरराष्ट्रीय करार इराणमधील रामसर येथे १९७१ मध्ये झाला व भारत त्यात १९८२ साली सामील झाला. या कराराच्या यादीत समाविष्ट झालेले नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले स्थळ असून त्याची नोंद २१ जून २०१९ या तारखेची आहे. नोंदलेले क्षेत्र १,४३७ हे. व सजीवांच्या जाती ५३६ आहेत.

जलपर्णी, नागरी वाढ आणि पाण्याचा उपसा हे येथील प्रमुख धोके होत. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती. सांडपाणी व शेतातील खते यांतून नायट्रोजन-फॉस्फरस मिळाले की ती झपाट्याने फोफावते. तिच्या दाट थराखाली प्रकाश पोहोचत नाही व पाण्यातील ऑक्सिजन घटतो. ती काढणे अवश्य असले, तरी कमळपक्ष्यांसारखे पक्षी तरंगत्या वनस्पतींवर घरटी करतात. त्यामुळे विणीच्या दिवसांत सरसकट सफाई करणे अनिष्ट ठरते. वरच्या बाजूची पोषकद्रव्ये थांबविल्याशिवाय केवळ काढणीने ती नाहीशी होत नाही, हे वेगळेच.

पाण्याच्या पातळीचा प्रश्न याहून अवघड आहे. गंगापूर, दारणा या धरणांतून सोडलेली आवर्तने याच बंधाऱ्यातून कालव्यांत जातात, म्हणून पातळी पिकांच्या गरजेनुसार चढते व उतरते. नदी सुरय, पाणभिंगरी इ. पक्षी उन्हाळ्यात उघड्या बेटांवर जमिनीलगत अंडी घालतात. पातळी एकाएकी चढल्यास ती वाहून जातात. द्राक्षे, कांदा व ऊस यांवर जगणाऱ्या तालुक्यात आवर्तन रोखणे शक्य नाही आणि न्याय्यही नाही. मात्र पाणी टप्प्याटप्प्याने सोडणे व विणीच्या बेटांची आगाऊ पाहणी करणे या मार्गांचा विचार करता येतो. त्यासाठी पातळी आणि घरटी यांची नियमित नोंद एकत्र ठेवावी लागते. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक संस्थांच्या समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. मासेमार व शेतकरी यांची माहिती तीत आल्यास मासे, शिंपले व काठच्या वनस्पती यांच्या बदलाचाही मागोवा घेता येतो.