अर्धांगवायु, अन्न आणि बुद्धि

आमच्या सातारा-सांगली भागांत अर्धांगवायूचें नांव ठाऊक नाहीं असें घर विरळा. डॉ. विल्यम वानलेस ह्यांनीं १८९४ सालीं मिरजेस मिशन रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून ह्या भागांतील लोक आपले रोगी घेऊन मिरजेची वाट चालत आले आहेत. परंतु रोगी घरीं परतल्यावर औषधाइतकें लक्ष त्याच्या ताटाकडे दिलें जात नाहीं. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मेंदूस रक्त पुरविणारी एखादी वाहिनी गुठळीनें बंद झाली किंवा फुटली, म्हणजे तेथील भाग निकामी होऊं लागतो, हाच अर्धांगवायु. मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें पन्नासाव्या हिश्श्याइतकें; पण स्वस्थ पडलेल्या शरीरास लागणाऱ्या शक्तीचा सुमारें पांचवा हिस्सा तो एकटा घेतो. असा अवयव जखमी झाला असतां अन्नाची हेळसांड त्यानें कशी सोसावी?

हेळसांड कोणी मुद्दाम करीत नाहीं. गिळतांना ठसका लागतो. हात ताटापर्यंत जात नाहीं. भूक बोलून दाखवितां येत नाहीं. आपण जेवलों कीं नाहीं ह्याचेंही विस्मरण होतें. कित्येकांस ताटाची एक बाजू, बहुधा डावी, जाणवतच नाहीं. तेथील भाजी तशीच राहते. घरचीं माणसें समजतात, ‘भूकच नाहीं.’ अशा रीतीनें बुद्धीच्या मंदपणामुळें अन्न घटतें, आणि अन्नपाणी घटल्यानें बुद्धि आणखी मंद होते. पाणी कमी पडल्यास भ्रम होतो. बी-१२ हें जीवनसत्त्व कमी पडल्यास स्मृति क्षीण होते. तें दूध, अंडीं, मांस ह्यांत असतें, धान्य-भाजींत नसतें.

अनेक देशांतील सुमारें ३००० रोग्यांची पाहणी २००३ सालीं प्रसिद्ध झाली. आरंभींच कुपोषित असलेल्यांपैकीं शेंकडा ३७, तर नीट पोसलेल्यांपैकीं शेंकडा २० पुढील कांहीं महिन्यांत दगावले. केवळ उपासमारच ह्यास कारण, असें ह्यावरून सिद्ध होत नाहीं. पण इशारा स्पष्ट आहे. उलटपक्षीं, नीट पोसलेल्यांस सरसकट जादा पौष्टिक पेयें देऊन विशेष लाभ होत नाहीं, असें २००५ सालीं दिसून आलें. तेव्हां महागड्या डब्यांमागें लागूं नये.

तोंडानें कांहींही देण्यापूर्वीं डॉक्टरांकडून गिळण्याची परीक्षा करवावी. रोग्यास ताठ बसवून लहान घास द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास निजवूं नये. दुधांत कुसकरलेली ज्वारीची भाकरी, मुगाची मऊ खिचडी, कोरेगांवचा घेवडा शिजवून घोटलेला, हें घरचें अन्न पुष्कळांस पुरतें. मधुमेह असल्यास डॉक्टरांस विचारावें. लोणचें-पापड टाळावे, कारण मिठानें रक्तदाब वाढतो. महिन्यास एकदां वजन करावें.

विद्यार्थी मित्रहो, आजोबांपाशीं बसून अर्धें ताट संपल्यावर तें फिरवून ठेवणें, हें काम तुमच्याही हातचें आहे. ‘त्यांची बुद्धि गेली’ असें म्हणण्यापूर्वीं, आज त्यांच्या पोटांत काय गेलें, हें अवश्य पाहावें.