विजेच्या सायकलीची मूठ आणि कायदा



कासारवाडी, भोसरी, चाकण या भागांत कामाला जाणारी आपल्यापैकी अनेकांची मुलं हल्ली विजेच्या सायकली घेऊ लागली आहेत. "पेट्रोल नको, लायसन नको, पासिंग नको," असे दुकानदार सांगतो आणि गाडी दारात येते. हे बोलणे काही गाड्यांबाबत खरे आहे, काहींबाबत साफ खोटे. फरक कुठे पडतो, तो आम्ही येथे सांगत आहोत.

या गाड्या दोन तऱ्हेच्या असतात. पहिलीत पायडल मारले तरच मोटार जोर लावते. दुसरीत मोटारसायकलसारखी मूठ पिळली की गाडी पळते, पाय हलवावा लागत नाही. युरोपातील देशांत नुसत्या मुठीवर पळणारी गाडी सायकल न धरता मोपेडच्या वर्गात घालतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत मुठीच्या सायकलींचा वेगळा वर्ग आहे. आपल्याकडे नुसत्या मुठीवरून निकाल लागत नाही.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढील अटी पाळणारी बॅटरीची गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही :

१) मोटारीची अर्धा तास सलग चालवून मोजलेली शक्ती २५० वॉटपेक्षा कमी.

२) जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी.

३) बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत.

४) सरकारमान्य चाचणी संस्थेची मंजुरी.

पायडलच्या सायकलीला आणखी एक अट आहे. वेग २५ वर जाताच, किंवा त्याआधी पायडल थांबले तर तेव्हाच, मोटार बंद झाली पाहिजे. म्हणून अशा सायकलीला मागाहून मूठ बसवून घेतली, की ती मंजूर झालेली सायकल राहत नाही. साध्या सायकलीला बाजारातली मोटार जोडली, तर तिलाही मंजुरी नसतेच.

खरी मेख चौथ्या अटीत आहे. मंजुरी एका गाडीला घ्यायची आणि विकताना मोटार मोठी बसवायची किंवा वेगाचे लॉक काढून द्यायचे, असे प्रकार आढळल्याने परिवहन आयुक्तांनी मे २०२२ मध्ये राज्यभर तपासणी मोहीम काढली होती. अशी गाडी कायद्याने मोटार वाहनच. तिला पासिंग, विमा, लायसन, हेल्मेट सारे लागते. लायसन नसताना चालवल्यास ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अज्ञान मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकास किंवा मालकास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दंड एक वेळ भरता येईल, पण अपघाताचे काय? विम्याशिवाय कोणाला धडक बसली, तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. लेकराच्या हातातल्या मुठीपायी वर्षभराच्या उसाचे बिल जाऊ शकते.

तेव्हा खरेदीआधी दुकानदाराकडून चाचणी संस्थेच्या मंजुरीपत्राची प्रत मागून घ्या. पुण्याची ए.आर.ए.आय. आणि नाशिक रस्त्यावर भोसरीची सी.आय.आर.टी. या अशा संस्था आपल्या जवळच आहेत. पत्रातले मॉडेल आणि गाडीवरचे मॉडेल ताडून पाहा. वॉट व वेग पावतीवर लिहून घ्या. "थोडा स्पीड वाढवून देतो," असे कोणी म्हणाले तर सरळ नको म्हणा.

काट्यावर उसाची गाडी चढली की आकडा आपण स्वतः वाचतो. ही गाडी घेतानाही तसाच आकडा वाचावा, ही विनंती.

— संपादक मंडळ