स्पोर्ट्‌स कारची प्रतीक्षा

72 वर्षांचे एक निवृत्त अभियंते वाहन परवान्याच्या नूतनीकरणासाठी वैद्यकीय दाखला मागण्यास आले. नुकत्याच बाजारात आलेल्या स्पोर्ट्‌स कारची त्यांनी नोंदणी केली होती. ताबा चार महिन्यांनी मिळणार होता. सोबतचा मुलगा चिंतित होता. मोतीबिंदू आढळल्याने मी सही रोखली. त्यांच्या हौसेला मात्र नकार दिला नाही.

अशा गाडीचे आसन जमिनीलगत असते. त्यातून उठताना मांड्यांच्या स्नायूंवर मोठा भार पडतो. म्हणून प्रतीक्षेचे महिने तयारीस दिले: शस्त्रक्रिया, मानेचे हलके व्यायाम, आणि भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून शक्यतो हाताच्या आधाराविना रोज 10 वेळा उठणे. मोजणी मुलाकडे सोपवली. दृष्टी निकषांत बसली, तेव्हाच सही केली.

ज्येष्ठांच्या हौसेला लगेच ‘नको’ म्हणू नये; तिच्यासाठी शरीर सिद्ध करता येते का, ते आधी पाहावे.