कोपीतील धूर आणि शुद्ध हवा

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात. फडालगतची कोपी हेच मग त्यांचे घर. भल्या पहाटे तिच्यात चूल पेटते आणि भाकरी थापणाऱ्या स्त्रीच्या व जवळ निजलेल्या मुलाच्या श्वासात धूर जातो. गावाकडेही अनेक घरी पऱ्हाटी, तुराट्या व गोवऱ्याच जळतात.

शहरांतून हल्ली हवा शुद्ध करणारी विद्युत यंत्रे दिसतात. आतील पंखा हवा ओढतो आणि दाट गाळणी सूक्ष्म कण अडविते. त्यासाठी खोली बंद हवी, वीज हवी, गाळणीही वेळोवेळी बदलावयास हवी. शिवाय जळणातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अशा गाळणीत अडकत नाही. चुलीच्या घरी दारे लावून यंत्र चालविणे म्हणूनच घातक. तेथे धूर उगमापाशीच थांबविला पाहिजे.

उज्ज्वला योजनेच्या २०२१ मधील दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र देण्याची मुभा मिळाली. पाच किलोचे सिलिंडर तर सामानासोबत सहज नेता येते. खरी अडचण ते पुन्हा भरून घेण्याची! उचल फेडावयाची असलेल्या कुटुंबास फडातील फुकटचे पाचटच परवडते. निदान चूल कोपीबाहेर, आडोशाला मांडावी, जळण वाळलेले वापरावे आणि मुलांस धुरापासून दूर निजवावे.