खाद्यरंग, केकसजावटीचे

केक, पेस्ट्री व तत्सम गोड पदार्थांवरील आवरण, फुले, नक्षी आणि अक्षरे रंगविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या व खाण्यास कायद्याने मान्यता दिलेल्या रंजकद्रव्यांना ही संज्ञा लावतात. पदार्थाला रंग देण्याची प्रथा प्राचीन असून भारतात केशर, हळद, बीट, पालक इत्यादींचा वापर परंपरेने चालत आला आहे. विल्यम हेन्री पर्किन यांनी 1856 मध्ये मॉव्ह हे पहिले कृत्रिम रंजक तयार केल्यानंतर डांबरजन्य रंजके स्वस्त झाली व ती खाद्यपदार्थांतही शिरली. त्यांपैकी अनेक विषारी असल्याने त्यांच्यावर कायद्याने नियंत्रण आणावे लागले. [→ रंजक].

नागपूर शहरातील इतवारी ही जुनी घाऊक बाजारपेठ आहे. किराणा, धान्य, मसाले, कापड व सराफी यांचा व्यापार तेथे दाट वस्तीत एकवटलेला असून मस्कासाथ हा भाग मसाल्यांच्या व किराण्याच्या व्यापारासाठी ओळखला जातो. अशा पेठांत खाद्यरंग, गुलाल, रांगोळीचे रंग आणि कापड रंगविण्याची पूड ही थोड्याथोड्या अंतरावर मिळतात व पुडीत बांधल्यावर ती एकमेकांसारखीच दिसतात. त्यामुळे रंगाची निवड हा केवळ शोभेचा नव्हे, तर आरोग्याचाही प्रश्न ठरतो. नागपूरची प्रसिद्ध संत्रा बर्फी हे याचे जवळचे उदाहरण होय. संत्र्याच्या गराचा मूळ रंग खव्यात मिसळल्यावर फिकट पडतो. म्हणून तिला पुष्कळदा वरून नारिंगी रंग देतात. केकच्या पांढऱ्या सायीबाबतही हीच स्थिती असते.

कायदा व मान्य रंग : भारतात अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम, 1954 व त्याखालील 1955 चे नियम यांनी खाद्यरंगांचे नियमन केले. पुढे त्यांची जागा अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, 2006 याने व 2011 च्या विनियमांनी घेतली. भारतात पुढील आठ कृत्रिम रंग मान्य आहेत : पाँसो 4आर, कार्मोइसीन व एरिथ्रोसीन (लाल), टार्ट्राझीन व सनसेट यलो एफसीएफ (पिवळे), इंडिगो कार्मिन व ब्रिलियंट ब्लू एफसीएफ (निळे) आणि फास्ट ग्रीन एफसीएफ (हिरवा). यांखेरीज कॅरॅमल, ॲनाटो, बीटा कॅरोटीन, हळदीतील कुर्क्युमीन, रिबोफ्लाविन, हरितद्रव्य, केशर इ. नैसर्गिक वा निसर्गसदृश रंग चालतात. केक, पेस्ट्री, मिठाई यांमध्ये कृत्रिम रंगाचे प्रमाण तयार पदार्थाच्या दर किग्रॅ.मागे सामान्यतः 100 मिग्रॅ.पेक्षा जास्त असता कामा नये. अनेक रंग मिसळल्यास ही मर्यादा त्यांच्या बेरजेला लागू होते. मेटॅनिल यलो, ऱ्होडामाइन बी, ऑरामाइन, मॅलॅकाइट ग्रीन यांसारखी औद्योगिक रंजके पूर्णतः निषिद्ध आहेत. तमिळनाडू राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये ‘म्हातारीचे केस’ या मिठाईवर बंदी घातली, ती तिच्यात ऱ्होडामाइन बी आढळल्यामुळेच.

मान्य रंगांविषयीची मतेही बदलत असतात. ब्रिटनमध्ये 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही रंगांचा मुलांच्या चंचलतेशी संबंध सूचित झाला. त्यानंतर यूरोपीय संघाने जुलै 2010 पासून टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन, पाँसो 4आर इ. सहा रंग असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर तशी सूचना छापणे बंधनकारक केले. अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये एरिथ्रोसीनची खाद्यपदार्थांतील मान्यता रद्द केली. म्हणून रंग मान्य असला, तरी तो कमीत कमी वापरावा हे धोरण योग्य होय.

प्रकार व निवड : खाद्यरंग पूड, द्रव, जेली (जेल), तेलात मिसळणारा रंग आणि लेक या स्वरूपांत मिळतात. द्रव रंग सौम्य असतो. फिकट छटांसाठी व केकच्या पिठात तो सोईचा ठरतो, परंतु गडद छटेसाठी तो जास्त घातल्यास आयसिंग पातळ होते. फेटलेली साय, लोण्याचे आयसिंग व साखरेची लगदी (फाँडंट) यांना जेली रंग उत्तम, कारण थोड्या द्रव्यात पुष्कळ रंग मिळतो. चॉकोलेटमध्ये पाण्याचा अंश गेल्यास ते घट्ट व दाणेदार होते. म्हणून त्यासाठी तेलात मिसळणारे रंगच घ्यावेत. लेक म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडावर बसविलेले, पाण्यात न विरघळणारे रंग. त्यांचा कोणत्या पदार्थात वापर मान्य आहे, हे वेष्टनावरून पाहावे.

रंगाचा टिकाऊपणा पदार्थाच्या अम्लतेवर व प्रकाशावर अवलंबून असतो. एरिथ्रोसीन अम्लात साक्याच्या रूपाने खाली बसते व प्रकाशात विटते. इंडिगो कार्मिनही लवकर फिकट होते. एरिथ्रोसीन व निळा मिसळून केलेले जांभळे फूल काही तासांत निळसर दिसू लागते, याचे कारण त्यातील लाल रंग आधी उडतो. हळद खाण्याच्या सोड्याच्या संपर्कात, हळदीचे कुंकू व्हावे तशी, तांबूस होते. बीटाचा रंग भट्टीच्या उष्णतेने तपकिरी पडतो. म्हणून नैसर्गिक रंग शक्यतो न भाजावयाच्या आवरणातच वापरावेत. ॲझो वर्गातील रंग अम्लयुक्त मिश्रणात कथिल, जस्त वा ॲल्युमिनियम यांच्या संपर्काने फिके होतात. त्यामुळे कल्हईच्या भांड्याऐवजी काचेचे वा पोलादी भांडे वापरणे इष्ट.

प्रमाण : एक ग्रॅम शुद्ध रंग 100 मिलि. पाण्यात विरघळविल्यास 1 टक्का विद्राव मिळतो. त्याच्या 10 मिलि.मध्ये 100 मिग्रॅ. रंग असतो व तेवढ्यात 1 किग्रॅ. पदार्थाची मर्यादा संपते. बाजारातील पुडीत मीठ किंवा डेक्स्ट्रिन मिसळलेले असल्याने शुद्ध रंगाचे प्रमाण वेष्टनावर पाहून हिशेब करावा. गडद लाल वा काळी छटा या मर्यादेत साधणे कठीण असते. अशा वेळी आधी कोकोने गडद केलेल्या आवरणात थोडा रंग घालावा अथवा रंग फक्त लहान फुलापुरता ठेवावा. लोण्याच्या आयसिंगमध्ये रंग काही तासांनी अधिक गडद होतो. म्हणून तो प्रथम थोडा फिका ठेवून मिश्रण झाकून ठेवतात.

खरेदी : सुट्टी पूड घेऊ नये. बंद वेष्टनावर ‘खाद्यरंग’ हे शब्द, रंगाचे नाव व निर्देशांक, उत्पादकाचा चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक आणि मुदत ही असावीत. आंतरराष्ट्रीय पद्धतीत टार्ट्राझीनचा क्रमांक 102, सनसेट यलोचा 110, कार्मोइसीनचा 122, तर ब्रिलियंट ब्लूचा 133 आहे. शोभेची चमकी केवळ ‘बिनविषारी’ आहे एवढ्यावरून ती खाद्य ठरत नाही. संशयित पिवळ्या पदार्थाच्या पाण्यातील अर्कात तीव्र हायड्रोक्लोरिक अम्लाचे काही थेंब टाकल्यास मेटॅनिल यलो किरमिजी रंग देते व पाणी घातल्यावरही तो टिकतो; हळदीने आलेला तांबूसपणा मात्र नाहीसा होतो. हे अम्ल दाहक असल्याने परीक्षा प्रयोगशाळेतच करावी.

साठवण : नागपुरात मे महिन्यात तापमान 45° से.च्या वर जाते, तर पावसाळ्यात हवा दमट होते. दोन्ही स्थिती रंगांस प्रतिकूल आहेत. पूड ओलावा शोषून गोळे धरते. तिच्यासाठी घट्ट झाकणाची गडद काचेची बाटली व कोरडा चमचा वापरावा. जेली रंग उष्णतेने सुकतो व द्रव रंगात बुरशी वाढू शकते. चूल, खिडकी व पत्र्याचे छत यांपासून दूर, अंधाऱ्या व थंड फडताळात रंग ठेवावेत. शीतकपाटात ठेवलेली बाटली लगेच उघडल्यास आत दव जमते. म्हणून ती सामान्य तापमानाला आल्यावरच उघडावी. बीट, पालक यांचे घरगुती रस शीतकपाटात ठेवून दोनतीन दिवसांत संपवावेत. बाटलीत थेट चमचा न बुडविता लागेल तेवढा रंग वेगळ्या वाटीत घ्यावा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी, मूळ वेष्टन बदलू नये व खाद्यरंग रांगोळीच्या वा होळीच्या रंगांशेजारी कधीही ठेवू नयेत. वास, बुरशी किंवा न विरघळणारा गाळ आढळल्यास रंग टाकून द्यावा.